विज्ञान नको म्हणणाऱ्या मुलांचं घरचं भौतिकशास्त्र : तुम्ही काय निवडलंत, काय फसलं?

कासारवडवलीची आई :

मुलगा साडेचौदा वर्षांचा. सातवीनंतर शाळा सोडवली. का, ते विचारू नका, तो वेगळा धागा होईल. घरीच शिकतो. मराठी, इतिहास, चित्रकला, स्वयंपाक (मिसळीचा कट माझ्यापेक्षा चांगला करतो) यात काही कटकट नाही. विज्ञानाचं पुस्तक काढलं की मात्र पोट दुखायला लागतं. त्यातही भौतिकशास्त्र म्हटलं की खोलीचं दार आतून बंद.

एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय, शाळेत न जाता परीक्षा देता येते) पुढच्या एप्रिलमध्ये दहावी द्यायचं डोक्यात आहे. सासूबाई म्हणतात, सायन्स नसेल तर पोराचं कसं होणार. नवरा म्हणतो, नको असेल तर सोडून दे. मी मधल्या मध्ये. कोर्सच्या जाहिराती बघून बघून डोळे फिरले, प्रत्येकात एक पोरगा हातात रॉकेट घेऊन हसतोय.

ठाणे, नवी मुंबईत घरी शिकवणाऱ्यांनी जरूर लिहा. काय घेतलंत, किती टिकलं, किती पैसे पाण्यात गेले. 'मुलाला आवड लावा' एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको. ते घरात रोज ऐकते.

ऐरोलीकर :

मी मेकॅनिकल इंजिनिअर, त्यामुळे आमच्याकडे कोर्सचा प्रश्नच नव्हता. कोर्स म्हणजे मी. पहिल्याच दिवशी फळ्यावर 'बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण' लिहिलं आणि पाऊण तास बोललो. तिसऱ्या दिवशी मुलगी रडली. पाचव्या दिवशी बायकोने फळा माळ्यावर टाकला.

मग एका रविवारी सहज गाडीत विचारलं : ताशी ४० च्या वेगाने ३ तास गेलो तर किती अंतर? पटकन म्हणाली १२०. दीडशे किलोमीटर जायचंय, वेग तोच, किती वेळ लागेल? दोन सेकंद थांबून म्हणाली, पावणेचार तास. घरी आल्यावर हेच कागदावर अक्षरांत लिहून दिलं, व्ही बरोबर एस भागिले टी, यातून टी काढ. पोरगी ठार गप्प. पावणेचार तास तोंडी काढणारी मुलगी!

म्हणजे तिला भौतिकशास्त्र येत नव्हतं असं नाही, तिला समीकरणातलं अक्षर इकडून तिकडे नेता येत नव्हतं आणि ते सांगायची लाज वाटत होती. दोन महिने भौतिकशास्त्र बंद ठेवलं, फक्त बीजगणित केलं. मग एनआयओएसचं विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं पुस्तक घेतलं, त्यांच्या साइटवर फुकट आहे. ताई, कुठलाही कोर्स घेण्याआधी हे तीन प्रश्न त्याला याच क्रमाने विचारून बघा. तिसऱ्याला अडला तर कितीही महागडा कोर्स घ्या, तो तिथेच अडणार.

खारघर सेक्टर वीस :

पैसे पाण्यात गेल्याचं विचारलंत म्हणून लिहितोय, एरवी घरात हा विषय काढत नाही.

एका कंपनीचा माणूस घरी आला. (नाव लिहीत नाही, त्यांचे वकील तगडे आहेत.) सोफ्यावर बसला, चहा प्यायला आणि माझ्या मुलाला एक अवघड गणित घातलं. मुलाला आलं नाही. मग माझ्याकडे अशा चेहऱ्याने बघितलं, जसं काही डॉक्टर रिपोर्ट सांगतोय. मी तिथल्या तिथे सही केली. टॅबलेट, तीन वर्षांचे व्हिडिओ, महिन्याचे हप्ते. पोराने एकूण अकरा व्हिडिओ पाहिले. हप्ते चौदा महिने चालले. टॅबलेटवर आता आई कीर्तन ऐकते, म्हणजे अगदीच वाया गेला असंही नाही.

यातून एवढंच शिकलो की नमुन्याचा धडा मुलाने एकट्याने बघायचा, आपण शेजारी बसायचं नाही. नंतर 'काय कळलं?' असंही विचारायचं नाही. 'पुढचा बघणार का?' एवढंच विचारायचं. दुसऱ्या वेळी खान अकॅडमी या फुकट व्हिडिओंच्या साइटवर हेच केलं. एक पैसा न देता सव्वा महिना तो स्वतःहून बघत होता. मग कंटाळला, पण सव्वा महिना आमच्याकडे विक्रम आहे.

नौपाड्याची तबलेवाली आई :

माझं थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मुलगी आठव्या वर्षापासून तबला शिकते. विज्ञानाशी पूर्ण वैर. 'मला कलाकार व्हायचंय, मला घर्षण कशाला' हे तिचं ठरलेलं वाक्य. आम्ही रीतसर पहिल्या धड्यापासून सुरुवात केली, गती, वेग, त्वरण, आणि रीतसर तिसऱ्या आठवड्यात बंद पडलो. सगळ्या पुस्तकांत गतीच आधी का असते, देव जाणे. ज्याला विषय नकोसा आहे त्याला दारातच सगळ्यात रुक्ष भाग वाढायचा.

मग तिच्या क्लासमध्ये एकदा विषय निघाला, की तबल्याला सूर आहे आणि डफाला नाही, असं का? गुरुजी म्हणाले, शाईमुळे, म्हणजे तबल्याच्या कातड्यावरच्या काळ्या गोलामुळे. पण शाई नेमकं काय करते, हे पोरीने घरी येऊन मला विचारलं. मी बीकॉम, मी काय सांगणार! शोधलं तर कळलं की सी. व्ही. रामन यांना हाच प्रश्न पडला होता. १९२० साली त्यांनी 'नेचर'मध्ये मृदंग-तबल्यावर टिपण लिहिलं. ज्या रामन परिणामामुळे २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, त्याच्या आठ वर्षं आधी.

गोष्ट अशी, की साधं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्यातून मूळ स्वरासोबत जे वरचे स्वर निघतात, ते मूळ कंपनसंख्येच्या (सेकंदाला किती कंपनं, त्याच्या) दुप्पट, तिप्पट असे नेमके पटीत नसतात. पहिला साधारण १.५९ पट, पुढचा २.१४ पट, असे वेडेवाकडे. म्हणून कानाला नुसता धप्प आवाज. शाईमुळे मधला भाग जड होतो आणि हेच वरचे स्वर जवळजवळ पूर्ण पटीत येऊन बसतात. कानाला मग सूर लागल्यासारखा वाटतो.

फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारी फुकट ॲप्स मिळतात. तिने आधी तबल्यावर 'ना' हा बोल वाजवला, पडद्यावर सुळके सारख्या अंतरावर, दात मोजावेत तसे. मग शेजारच्यांकडून गणपतीतला डफ आणला. सुळके कुठेही कसेही. त्या दिवशी रात्रीचं जेवण साडेदहाला झालं. शेजाऱ्यांनी डफ परत मागितला, बहुधा आवाजामुळेच.

तिथून आम्ही पुस्तकाचा क्रमच उलटा केला. ध्वनी, मग तरंग, मग प्रकाश, मग वीज, आणि गती सगळ्यात शेवटी. गतीपर्यंत यायला वर्ष लागलं, पण तोवर 'कंपनसंख्या' हा शब्द तिच्या तोंडात 'तिहाई'सारखा बसला होता. घर्षण अजूनही आवडत नाही. करते.

पुस्तक एनआयओएसचंच, मराठी माध्यमातलं. सोबत पॉल हेविट यांचं 'कन्सेप्च्युअल फिजिक्स', जुनी प्रत. हे पुस्तक पहिल्यांदा १९७१ साली आलं, आणि यात आकडेमोडीआधी कल्पना समजावतात. हेविट तरुणपणी बॉक्सिंग करायचे, पाट्या रंगवायचे, हे ऐकून मुलीला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. इंग्रजी जड जात असेल तर मात्र अडेल.

घणसोली, एक आगाऊ सूचना :

एप्रिलची घाई कशाला? एनआयओएसची परीक्षा वर्षातून दोनदा असते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी मिळतात. विषय सुटे सुटे देता येतात. सोपे वाटतात ते आधी उरकून टाका, विज्ञान मागून. आमच्या दोघांनीही असंच केलं.

वाशी, सेक्टर नऊ :

आम्ही केंब्रिजच्या आयजीसीएसईला (दहावीच्या तोडीची आंतरराष्ट्रीय परीक्षा) बाहेरून बसवलं. हे सर्वांसाठी नाही, आधीच सांगते. परीक्षेची फी एनआयओएसच्या कैक पट आहे आणि बाहेरच्या मुलाला बसू देणारं केंद्र शोधताना फोन करून करून कान दुखले.

तिथे भौतिकशास्त्र स्वतंत्र घेता येतं किंवा तिन्ही शास्त्रं मिळून एक विषय घेता येतो. आवड नसलेल्याला दुसरा बरा. स्वतंत्र घेतलंत तर प्रयोगशाळा नसली तरी चालते, कारण प्रात्यक्षिकाऐवजी एक लेखी पेपर देता येतो. पण इथे आम्ही फसलो. लेखी म्हणजे पाठांतराने जमेल असं वाटलं. त्या पेपरात तापमापकाचं चित्र देऊन वाचन विचारतात, आलेख काढायला लावतात, चूक कुठून आली असेल ते विचारतात. ज्याने आयुष्यात एकदाही गरम पाण्यात तापमापक धरून दर मिनिटाला आकडा लिहिला नाही, त्याला ते येत नाही. शेवटचे दोन महिने स्वयंपाकघर आमची प्रयोगशाळा होती आणि स्वयंपाक स्विगीचा.

अजून एक. सोपा म्हणून 'कोअर' स्तर घेतला तर 'सी'च्या वरची ग्रेड मिळतच नाही. हे आम्हाला उशिरा कळलं.

कळव्याचा बाबा :

आम्ही सोडलं. कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो.

एनआयओएसच्या दहावीला विज्ञान सक्तीचं नाही. पाच विषय, त्यात भाषा हवी, बाकी निवड आपली. मुलाला बसवून एकदाच सांगितलं, की दहावीला विज्ञान नाही म्हणजे अकरावी सायन्सचा रस्ता बंद. नंतर माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत. तो हो म्हणाला. दोन वर्षं झाली, घरात शांतता आहे. नातेवाईकांत नाही.

आता तो हौशी नाटकांना प्रकाशयोजनेत मदत करतो. परवा रात्री जेवताना मला शिकवत होता, की एका पंधरा अँपिअरच्या लाइनवर हजार वॉटचे तीनच दिवे लावायचे, चौथा लावला की फ्यूज गेला. मी विचारलं, कसं काढलंस? म्हणे, २३० व्होल्ट गुणिले १५ अँपिअर, साडेतीन हजार वॉटच्या आत थांबायचं. मी वरणात भात कालवत राहिलो. हेच विद्युतशक्तीचं सूत्र शिकवायला मी वर्षभर डोकं आपटलं होतं.

नेरूळ, वय वीस :

मी आई नाही, मी 'ती मुलगी'. घरीच शिकले, भौतिकशास्त्र अजिबात नको होतं.

खरं कारण मी तेव्हा कोणालाच सांगितलं नाही. आई शिकवताना माझ्या चेहऱ्याकडे बघत बसायची, कळलं का कळलं का म्हणून. कळायच्या आधीच मला कळल्याचा चेहरा करावा लागायचा. इतिहासात असं नव्हतं, कारण इतिहासात आई माझ्याकडे न बघता स्वतःच गोष्ट सांगत सुटायची.

सुटका आजोबांमुळे झाली. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची फुकट सिम्युलेशन्स आहेत, बरीच मराठीतही आहेत. त्यात पडद्यावर वायर, बॅटरी, दिवे जोडून सर्किट करता येतं. आजोबांना ते शिकवायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी शॉर्ट सर्किट करून बॅटरीला आग लावली (पडद्यावर!) आणि लहान मुलासारखे हसले. त्यांना समजावण्यासाठी मी रात्री गुपचूप धडा वाचायचे. आईला हे अजून माहीत नाही. आई, तू हे वाचत असशील तर सॉरी.

पाचपाखाडी, निवृत्त शिक्षिका :

एकतीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. घरी शिकवणं मला पूर्वी पटत नसे, आता तितकं टोचत नाही.

कोर्सबद्दल इतरांनी लिहिलंच आहे. मी एक रविवारचा उद्योग सुचवते. ३० सेंटिमीटर दोऱ्याला घराची किल्ली बांधा आणि दुपारच्या रिकाम्या स्लो लोकलमध्ये बसा. ठाण्याहून गाडी सुटताना दोरा हातात स्थिर धरा. किल्ली मागे सरकते. किती सरकली ते पट्टीवर बघा. साधारण दीड सेंटिमीटर आली, तर दीड भागिले ३०, गुणिले ९.८ (गुरुत्वत्वरण). उत्तर अर्ध्याच्या जवळ येईल. सुटताना लोकल दर सेकंदाला आपला वेग सेकंदाला अर्ध्या मीटरने वाढवते, हे किल्ली आणि दोऱ्यावर कळलं! गाडीने वेग पकडला की किल्ली पुन्हा सरळ. ब्रेक लागला की पुढे. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना 'वेग' आणि 'त्वरण' यातला फरक दहावीच्या पेपरापर्यंत कळला नाही, किल्लीला लगेच कळतो.

वेग मोजायचा असेल तर रुळालगतच्या विजेच्या खांबांवरचे आकडे बघा. वरचा आकडा सीएसएमटीपासूनचा किलोमीटर असतो. तो एकाने बदलायला किती सेकंद लागले ते मोजायचं. १८५३ साली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्यालाच आली होती, आपल्या मुलांनी निदान तेवढं अंतर तरी मोजावं.

गर्दीच्या वेळी हे करू नका. आणि दारात उभं राहून तर मुळीच नको.

कासारवडवलीची आई :

सगळ्यांचे खूप आभार, दोन दिवस नुसती वाचतेय. कळव्याच्या दादांचा प्रतिसाद नवऱ्याला दाखवला, तो 'बघ!' म्हणाला. नौपाड्याच्या ताईंचा सासूबाईंना दाखवला, त्याही 'बघ!' म्हणाल्या.

ऐरोलीकर दादा, तुमचे तीन प्रश्न विचारले. १२० झटकन आलं. पावणेचार तास यायला थोडा वेळ लागला, पण आलं. तिसऱ्याला कागदाकडे बघून म्हणाला, "टी म्हणजे वेळ ना? मग वेळच लिहा की. टी कशाला?" मी लिहिलं, वेग बरोबर अंतर भागिले वेळ. त्याने खाली वेळ काढून दाखवला आणि विचारलं, एवढंच होतं का?

कोर्स अजून घेतलेला नाही. सध्या सगळी सूत्रं मराठी शब्दांत लिहायची, असं ठरलंय, आणि विज्ञान ऑक्टोबरवर ढकललंय. नेरूळच्या मुली, मी त्याच्या तोंडाकडे बघणं बंद केलंय, निदान प्रयत्न करतेय.

रविवारी दुपारी ठाणे स्टेशनला जातोय, किल्ली आणि दोरा घेऊन. सासूबाई पण येणार आहेत. त्यांचं मुलुंडला काम आहे म्हणे.