सुप्त आणि गुप्त हे भाऊभाऊ का? (आजीने माझी शाळा घेतली)

लांज्याची_आशा:
नमस्कार मंडळी, मी लांजा तालुक्यात आशा म्हणून काम करते. एका घरात टीबीचा पेशंट निघाला की बाकीच्यांची तपासणी करून त्यांना प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू करतात, म्हणजे खोकला ताप काही नसतो पण जंतू अंगात असू शकतो, त्याला ट्रेनिंगमध्ये "सुप्त क्षयरोग" म्हणतात. तर मी एका आजीला सरळ सांगितलं, आजी तुम्हाला सुप्त टीबी असू शकतो. आजी जी भडकली! "मना या वयात गुप्तरोग हाय असा सांगतंस? जीभ कशी झडत नाय गो तुजी!" सून आत पदर तोंडाला लावून हसतेय, शेजारीण दारात येऊन उभी, आणि मी आपली ओ आजी गु नाय, सु, सु 😅

आता मला सांगा सुप्त म्हणजे नक्की काय, लपलेलं की झोपलेलं? गुप्तशी ह्याचं काही नातं आहे का? आणि आपल्या बोलीतला साधा शब्द कोणता वापरू, कारण अशी घरं अजून बरीच आहेत माझ्याकडे.

शब्दखोर:
आजीची काही चूक नाही. आयुष्यभर भिंतीभिंतीवर "गुप्तरोगांवर खात्रीशीर इलाज" वाचलेलं, सुप्त तिने ऐकला असेल कधी?

नातं काहीच नाही, नुसतं यमक. सुप्त आला स्वप् ह्या धातूपासून, स्वप् म्हणजे झोपणे, त्यातूनच स्वप्न, सुषुप्ती. स्व चा सु कसा झाला तर संस्कृतात असं होतं, वच् चं उक्त होतं, वप् चं उप्त होतं, तसं स्वप् चं सुप्त. हे घराणं लांबवर पसरलेलं आहे, ग्रीकमधला हुप्नोस (ज्यावरून हिप्नॉटिझम आलं) आणि लॅटिनमधला सोम्नुस ही ह्याच घरातली माणसं, दोन्हींचा अर्थ झोप. प्राकृतात आणि पालीत सुप्त चं सुत्त झालं, धम्मपदात "सुत्तं गामं" आहे, झोपलेल्या गावाला महापूर वाहून नेतो तसा मृत्यू माणसाला नेतो असं. 2021 च्या जुलैत चिपळूण बघितलेल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

गुप्त चं मूळ मात्र गोठ्यात आहे. गोप म्हणजे गाई राखणारा, त्यावरून गोपायति म्हणजे राखतो, सांभाळतो, आणि त्यातून गुप् हा धातू. म्हणजे गुप्त चा पहिला अर्थ राखलेलं, सांभाळलेलं. चंद्रगुप्त म्हणजे चंद्राने राखलेला, लपवून ठेवलेला नव्हे. जे राखायचं ते लोकांच्या नजरेआड ठेवायचं, असं करत अर्थ लपवण्याकडे सरकला. म्हणून गुप्त म्हटलं की कोणीतरी ठेवणारा लागतो, गुप्तधन, गुप्तदान, गुप्तहेर काहीही घ्या. सुप्त ला ठेवणारा नको, त्याला फक्त उठवणारा लागतो. तुमचा टीबी कोणी लपवलेला नाही, तो झोपलाय.

तळ्यातला_बेडूक:
मग सुस्त पण ह्यातलाच का? सुप्त > सुस्त? जेवून सुस्ती येते म्हणजे झोपच की ती.

शब्दखोर:
नाही हो, सुस्त फारसीतून आलाय, ढिला, शिथिल असा अर्थ. दिसायला सारखे म्हणून फसायला होतं.

राजापूरवाला:
आमच्याकडे गंगा आहे ना, उन्हाळ्यातली (म्हणजे उन्हाळे गावातली, सीझन नाही 😄), चौदा कुंडं आहेत, साधारण तीन वर्षांनी पाणी येतं आणि काही दिवसांनी जातं. गंगा नसते तेव्हा कोणी आटली, सुकली असं बोलत नाही, "गंगा गेली" असंच बोलतात, आणि परत "गंगा आली". आता ही गुप्त म्हणायची की सुप्त? पेपरवाले तर अंतर्धान पावली असं छापतात. आणि तिथेच जवळ गरम पाण्याचा झरा आहे, त्याच्याखाली सुप्त ज्वालामुखी आहे असं लहानपणापासून ऐकतोय, तेव्हा सुप्त हा शब्द कोकणातल्या माणसाला अगदीच नवा नाही.

विज्ञानमास्तर:
सुप्त ज्वालामुखीची ती गोष्ट एकदा कोणीतरी गाडा रे. आपल्याकडचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो झोपलेला नाही, संपलेला आहे. वज्रेश्वरी गणेशपुरीपासून तुरळ, आरवली, राजवाडी करत उन्हाळ्यापर्यंत झऱ्यांची जी रांग आहे ती जमिनीतल्या भेगांमुळे. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, जितकं खोल तितकं तापतं, आणि दाबाने परत वर येतं. उन्हाळे, उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, ह्या नावांतलं उन्ह म्हणजे उष्णच, आपण ऊन ऊन भात म्हणतो ना ते. गंगेच्या बाबतीत जमिनीखाली वक्रनळीसारखी रचना असावी असं सांगतात, पोकळी एका पातळीपर्यंत भरली की पाणी एकदम वाहायला लागतं. तसं असेल तर मी तिला सुप्तच म्हणेन.

आता खरी गंमत इंग्रजीत आहे. लेटंट हा शब्द लॅटिन लातेरे वरून, म्हणजे दडून असणे. डॉर्मंट हा दॉर्मीरे वरून, म्हणजे झोपणे. दोन वेगळे शब्द, आणि आपण दोघांनाही सुप्त करून टाकलं. लेटंट टीबीचं सुप्त क्षयरोग झालं तेव्हा दडलेल्याला आपण झोपवलं. पण दहावीच्या पुस्तकात लेटंट हीटला अप्रकट उष्मा आहे, आणि ते मला जास्त पटतं. मिरकरवाड्याला मासळीच्या पेटीत बर्फ वितळत असतो, प्रत्येक ग्रॅममागे 80 कॅलरी उष्णता खातो, आणि थर्मामीटर लावाल तर शून्यावर ढिम्म. ती उष्णता झोपलेली नाही, ती कामाला लागलेली आहे, फक्त दिसत नाही. टीबीचा जंतू मात्र खरंच मंदावलेला असतो, तिथे सुप्त चपखल बसतो.

लांज्याची_आशा:
सर हे भारी आहे पण आजीला दॉर्मीरे सांगितलं तर ती कोयताच काढेल. "छुपा टीबी" चालेल का?

शब्दखोर:
छुपा नको, त्यात परत लबाडी आली, आजी परत तिथेच जाईल. "दबा धरून बसलाय" हे अस्सल मराठी, पण ऐकणारा घाबरतो, वाघ असल्यासारखं वाटतं.

कातळावरचा_शेतकरी:
ताई टाकळ्याचं सांगा. टाकळा सगळ्या आज्यांना माहीत. त्याच्या बीची साल एवढी टणक की पाणी आत शिरत नाही, म्हणून सगळं बी एका पावसात उगवत नाही, काही ह्या वर्षी, काही पुढच्या, काही तसंच मातीत पडून. अंगात जंतू तसा पडलेला असतो, सगळ्यांचा उगवेलच असं नाही, पण उगवायच्या आधी काढलेला बरा. शेवळं पण तशीच, वर्षभर कांदा जमिनीत, वर काही खूण नाही, पहिला पाऊस पडला की बांधावर हजर, पण शेवळं खायला मिळतात म्हणून माणसं वाट बघतात त्यांची, टीबीला ते उदाहरण नको 😂

आणि झोप लागतेच असं पण नाही. भात कापणीला आलं आणि ऑक्टोबरात पाऊस कोसळला की आडव्या पडलेल्या लोंबीला शेतातच कोंब येतात, डोळ्यासमोर वर्ष जातं. कृषीवाले म्हणतात त्या जातीच्या बियाण्याला सुप्तावस्था कमी. तेव्हा आम्ही म्हणतो, मेल्या बियाण्या, दोन आठवडे निजला असतास तर काय बिघडलं असतं!

सिस्टर_सिंधुदुर्ग:
आमच्याकडे मी सरळ "निजलेलो टीबी" म्हणते, माणसं लगेच समजतात. 100 जणांत जंतू निजलेला असेल तर आयुष्यात कधीतरी 5 ते 10 जणांत तो उठतो, शुगर असेल किंवा अंगात ताकद नसेल तर जास्त. गोळ्या त्याच्यासाठी. आणि ताई, शब्द कोणताही वापर पण हे पहिलं सांग की निजलेला असेपर्यंत तो दुसऱ्याला लागत नाही. नायतर तुझी पाठ वळली की सून आजीचं ताट-पेला वेगळं मांडेल, आणि मग गोळ्या राहतील बाजूला.