पीसीची तारीख सारखी मागे जाते आणि साइट उघडत नाहीत, काय करू?

मनीमाऊ:
नमस्कार मंडळी, डेस्कटॉपने डोकं खाल्लंय नुसतं. सकाळी चालू केला की काळ्या स्क्रीनवर काहीतरी इंग्रजीत येतं आणि एफ१ दाबा म्हणतो, दाबलं की विंडोज व्यवस्थित सुरू होतं, पण ब्राउझर उघडला की मेलपासून बँकेपर्यंत सगळीकडे एकच रडगाणं, तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही. नेट चालू आहे, त्याच वायफायवर मोबाइलला सगळं दिसतंय. ब्राउझर काढून परत टाकला, राउटर बंद-चालू केला, अँटीव्हायरसचं फुल स्कॅन पण केलं, काही सापडलं नाही. कोपऱ्यात तारीख मात्र जानेवारी २०१६ दाखवतो, ती बदलली की ब्राउझर पण जरा शहाण्यासारखा वागतो असं वाटतंय पण खात्री नाही, आणि दुसऱ्या दिवशी परत २०१६. हे एकच दुखणं आहे की दोन वेगळी?? मशीन बऱ्यापैकी जुनं आहे.

फॉरमॅटसम्राट:
व्हायरस आहे. स्कॅनमध्ये सगळेच सापडत नाहीत. डेटा कॉपी करून घे आणि सरळ फॉरमॅट मार, विंडोज नवीन टाक, विषय संपला.

खटपट्या:
अहो फॉरमॅट कशाला! मनीमाऊ, तो एफ१ वाला मेसेज विंडोज लोड व्हायच्या आधीच येतोय ना, मग विंडोज दहा वेळा नवीन टाकलं तरी तो तसाच येणार. मदरबोर्डवरचा (पीसीच्या आतला मुख्य सर्किट बोर्ड) सेल संपलाय. नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. पीसी बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं, तो मेला की बोर्ड त्याच्यात भरलेल्या डिफॉल्ट तारखेवर जातो, तुमच्याकडे ती २०१६ दिसतेय.

आणि दुखणं एकच आहे. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक सर्टिफिकेट असतं, त्यावर या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध असं असतं. तुमच्या पीसीच्या मते आज २०१६ आहे, म्हणजे समोर आलेलं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही, मग ब्राउझर दार उघडत नाही. मोबाइलची तारीख बरोबर असते म्हणून तिथे अडत नाही.

मनीमाऊ:
अच्छा!! पण एक कळत नाही, दुपारी रिस्टार्ट केला किंवा तासभर शटडाउन केला तर तारीख जात नाही, सकाळीच जाते. सेल संपला असेल तर तेव्हा पण जायला हवी ना?

खटपट्या:
रात्री भिंतीवरचं बटण बंद करता का? तेच कारण. शटडाउन केलं तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बोर्डाला थोडा स्टँडबाय करंट देत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं, सेलला हात लागत नाही. बटण बंद केलं की सगळा भार सेलवर. म्हणून जे लोक रोज मेन स्विच बंद करतात (चांगलीच सवय आहे, करू नका म्हणत नाही) त्यांचा सेल लवकर जातो. कॅबिनेट उघडायच्या आधी खात्री करायची असेल तर एक रात्र भिंतीवरचं बटण चालू ठेवून नुसतं शटडाउन करा, सकाळी तारीख बरोबर दिसली तर सेलच. मल्टीमीटर असेल तर सेल काढून मोजा, अडीच व्होल्टच्या आसपास आला असेल तर गेलाच समजा.

बदलताना वायर सॉकेटमधून पूर्ण काढा, मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलंसुरलं उतरतं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मगच आत हात घाला. सेलच्या बाजूची छोटी क्लिप नखाने दाबली की सेल वर उडतो, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. अधिक चिन्ह वरच्या बाजूला. कधी कधी ग्राफिक्स कार्डाच्या खाली लपलेला असतो, मग आधी कार्ड काढावं लागतं.

शांताबाई_सर्व्हर:
थांबा थांबा, सेल काढायच्या आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारं बोर्डाचं स्वतःचं सेटिंग) जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेव गं. जुन्या बोर्डात सेल काढला की सगळी सेटिंग डिफॉल्टला जातात (नव्यात बऱ्याचदा टिकतात, घड्याळ तेवढं जातं). मुख्य बघायचं म्हणजे साटा मोड (बोर्ड हार्ड डिस्कशी कसा बोलतो ते), एएचसीआय आहे की रेड (RAID), आणि बूट, म्हणजे विंडोज सुरू करायची पद्धत, लेगसी (जुनी) आहे की यूईएफआय (नवी). हे बदललं तर विंडोज निळा स्क्रीन देईल नाहीतर बूट डिस्कच नाही म्हणेल आणि माणसाला वाटतं हार्ड डिस्क गेली. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की पण आधी शोधून ठेव, बायोसमधलं काही बदललं की तो ती मागू शकतो. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नकोस, गिळला तर फार धोक्याचं असतं.

मनीमाऊ:
झालं!! रात्रभर बटण चालू ठेवलं तर तारीख खरंच बरोबर होती, मग सेल बदलला. पहिल्यांदा चालू केल्यावर निळा स्क्रीन आला, पोटात गोळाच आला, पण शांताबाईंमुळे फोटो होते, साटा मोड आधी रेड होता तो एएचसीआय झाला होता, परत रेड केला आणि विंडोज आलं. तारीख बायोसमध्येच टाकली. आता सगळ्या साइट उघडतायत, एफ१ पण गायब. एक राहिलं, तारीख चुकलेली असताना सेव्ह केलेल्या फाइलींवर २०१६ पडलंय, त्याचं काही करायला लागेल का?

शांताबाई_सर्व्हर:
नुसत्या बघायच्या असतील तर राहू दे. पण बॅकअपचं सॉफ्टवेअर तारीख बघून फक्त नवीन फाइल उचलणारं असेल तर ते या फाइली जुन्या समजून सोडून देईल, म्हणून एकदा फुल बॅकअप घे. आणि ज्या सारख्या लागतात त्या उघडून परत सेव्ह कर, मॉडिफाइडची तारीख आजची होईल.

दोन_नांवांवर_पाय:
जाता जाता, ज्यांचं घड्याळ फक्त काही तासांच्या फरकाने चुकतं आणि चुकतं ते नेमकं आपल्या टाइम झोनएवढं, त्यांनी सेल विकत घेऊ नका. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलं की होतं ते. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक वेळ धरतं, दोघं एकमेकांचं बिघडवत बसतात. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की भांडण मिटतं.

फॉरमॅटसम्राट:
तरी एकदा फॉरमॅट केलं असतं तर फास्ट झाला असता 😄