मदत हवी आहे: वीस वर्षांपूर्वी लिम्फोमा (लसीकाग्रंथींचा कॅन्सर) बरा झाला, आता चढावर धाप. हृदयाच्या कोणत्या तपासण्या कराव्यात?

नमस्कार मंडळी,

माझ्या दादासाठी विचारतेय. तो देवगड तालुक्यात राहतो, स्वतःची हापूसची कलमं आहेत. 2004 साली, ऐन चोविशीत, त्याला हॉजकिन लिम्फोमा झाला होता. मानेत गाठी, छातीत तर मोठीच. परळला टाटामध्ये एबीव्हीडी या केमोच्या सहा सायकल झाल्या, मग छातीला शेक (रेडिएशन). गाठ परत कधी आली नाही. काही वर्षं नेमाने दाखवत होता, पुढे मुंबईच्या फेऱ्या सुटल्या. वहिनीला तर ते 'लग्नाआधीचं दुखणं' एवढंच माहीत.

यंदा मोहोरावर फवारणी चालू असताना लक्षात आलं की बागेतला चढ तो एका दमात चढत नाही. धाप लागते, छातीवर दाब येतो, जरा टेकला की बरं वाटतं. जवळच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल. बीपी, शुगर ठीक, तंबाखूचं व्यसन नाही. 'पित्त आहे' म्हणून गोळ्या दिल्या. जुन्या आजाराबद्दल सांगितलं तर म्हणाले, त्याचा हृदयाशी काय संबंध!

संबंध असतो, एवढं मी वाचलंय. एबीव्हीडीतलं ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, हृदयाचा स्नायू दुबळा करू शकतं आणि शेकामुळे हृदयाच्या रक्तवाहिन्या, झडपा पुढे दहा-वीस वर्षांनीही बिघडू शकतात. पण नेमकं काय तपासायचं? नुसता टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) पुरे का? कुठे न्यावं? आणि डिस्चार्जचे निम्मे कागद वाळवीने खाल्लेत, शेकाचा डोस कुठून कळणार?

डॉ. सागरवेळ:
ताई, चढावर दाब आणि बसल्यावर आराम, ही गोष्ट पित्तावर ढकलून चालणार नाही. निजवून काढलेला ईसीजी अशा वेळी नॉर्मल येऊ शकतो. या आठवड्यातच कार्डिओलॉजिस्टला दाखवा. बसल्याजागी दाब आला किंवा घाम सुटला तर थेट इमर्जन्सी, अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

एबीव्हीडीच्या एका सायकलमध्ये डॉक्सोरुबिसिन शरीराच्या दर चौरस मीटरमागे 50 मिलीग्रॅम जातं. सहा सायकलचे झाले 300. 250 च्या पुढे जास्त जोखीम धरतात, त्यात छातीला शेक झालेला असेल तर आणखी. इको हवाच, शक्यतो स्ट्रेनसह (म्हणजे स्नायू किती आखडतो त्याचं मोजमाप), कारण पंपिंगचा आकडा घसरण्याआधी स्नायूचा थकवा त्यात दिसू शकतो. झडपाही कळतील. मात्र इको चांगला आला म्हणून ब्लॉकेज नाही असं होत नाही. त्यासाठी सीटी अँजिओग्राफी की सरळ अँजिओग्राफी, ते कार्डिओलॉजिस्ट ठरवतील. परस्पर टीएमटीवर (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) पळवू नका. मानेलाही शेक असेल तर टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या, थायरॉईड मंदावलेला असू शकतो.

खरं तर त्रास नसतानाही अशा पेशंटचा इको ठरावीक वर्षांनी व्हायला हवा आणि छातीला शेक झालेल्यांच्या रक्तवाहिन्यांची तपासणी पाच वर्षांनंतर सुरू व्हायला हवी. आपल्याकडे गाठ गेली की फाईल माळ्यावर जाते.

माडाची_वाडी:
माझं आर-चॉप (लिम्फोमाचीच दुसरी केमो) झालंय, त्यातही तेच लाल औषध. आम्ही सिंधुदुर्गवाले बांबोळीला (गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात) नाहीतर कोल्हापूरला जातो, तुम्हाला जे सोयीचं. कागदांचं म्हणाल तर केस नंबर शोधा. जुन्या कार्डावर, पावतीवर कुठेतरी असेलच. तो घेऊन टाटाच्या रेकॉर्ड विभागात ट्रीटमेंट समरी मागा.

रातांबा:
अर्जुनसालीचा काढा द्या, माझ्या काकांना गुण आला.

डॉ. सागरवेळ:
तपासणी आधी. काढ्याच्या भरवशावर महिना घालवू नका. आणि समरीसाठीही अडून राहू नका, 'छातीला शेक झालाय' एवढं पहिल्याच वाक्यात सांगितलं तरी डॉक्टरांचा विचार बदलतो.

धागाकर्ती:
खूप आभार. केस नंबर आईच्या ट्रंकेत सापडेल बहुतेक. दादा 'आंबो सोपलो काय बघूया' म्हणणार, म्हणून आधी वहिनीला फोन लावतेय. बांबोळीला कार्डिओलॉजीची ओपीडी कोणत्या वारी असते, कुणाला माहीत आहे का?