बूटलोडरमध्ये (बोर्ड सुरू होताना आधी चालणारा प्रोग्राम) ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली मेमरी) अन् एसडी कार्डाचे नंबर ठरलेलेच पाहिजेत, तुमचं काय मत?

हिंगणा_फर्मवेअर:
मागच्या आठवड्यात काटोलकडच्या एका संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आमचा तापमान लॉगर अपडेट करायला गेलो. पद्धत दोन वर्षांपासून तीच, पेन ड्राइव्हवरून इमेज रॅममध्ये घ्यायची, यू-बूटच्या (आमचा बूटलोडर) प्रॉम्प्टवर 'एमएमसी डेव्ह 1' म्हणजे ईएमएमसी निवडायची अन् 'एमएमसी राइट' मारायचं. या वेळी बोर्डवाल्यांचा नवा यू-बूट आधी टाकला होता, त्यात डिव्हाइस ट्रीमधले (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन) जुने एलियस (कोणत्या डिव्हाइसला कोणता नंबर ते ठरवणाऱ्या ओळी) गेलेले, त्यामुळे 1 नंबर एसडी कार्डाला लागला. कार्डात तीन महिन्यांच्या नोंदी होत्या. स्क्रीनवर ब्लॉकचा आकडा बरोबर, शेवटी ओके, अन् नोंदी साफ. माल कोणाचा, शेतकऱ्यांचा, त्यांना काय सांगायचं?
एलियस नसला की कंट्रोलर ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने नंबर लागतात. हे असं काहून चालवून घ्यायचं? एकदा दिलेला नंबर व्हर्जन बदलली म्हणून बदलायलाच नको.

धरमपेठ_कर्नल:
नुकसान वाईटच झालं भाऊ, पण नंबरावर विसंबणं हीच चूक आहे. बीगलबोन ब्लॅक बोर्ड आठवतो का, जुन्या कर्नलवर (लिनक्सचा गाभा) कार्ड नसलं की ईएमएमसी 'एमएमसीबीएलके0' अन् कार्ड घातलं की तीच 'एमएमसीबीएलके1' व्हायची. म्हणून तर लोक रूट= मध्ये (मुख्य फाइलसिस्टम कुठे ते कर्नलला सांगणारी सेटिंग) पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहायला लागले, तो कर्नलला थेट कळतो, इनिटरॅमएफएस (सुरुवातीची तात्पुरती फाइलसिस्टम) पण लागत नाही. नंबर म्हणजे रांगेतली जागा, ती ओळख नव्हे.

हिंगणा_फर्मवेअर:
कर्नलचं पटलं, पण मी बूटलोडरचं बोलून राहिलो. ग्रब नावाच्या बूटलोडरमध्ये 'सर्च' आहे, फाइलसिस्टमच्या यूयूआयडीवरून डिस्क शोधतो. यू-बूटच्या 'एमएमसी डेव्ह'ला नंबरच द्यावा लागतो, पार्टिशनचं नाव वापरायचं म्हटलं तरी आधी डिव्हाइसचा नंबर येतोच. एन्व्हायर्नमेंट (यू-बूटच्या सेव्ह केलेल्या सेटिंग) एमएमसीवर ठेवलं तर ते कोणत्या डिव्हाइसवर हेही कॉन्फिगमध्ये नंबरानेच लिहितात, म्हणजे नंबर सरकला की 'सेव्हएन्व्ह' भलत्याच जागी जाऊन लिहिणार.
आणि पार्टयूयूआयडी पण काही रामबाण नाही. डीडी कमांडने एकच इमेज कार्डावर अन् ईएमएमसीवर टाकली की दोन्हीकडे तोच. मग कर्नल कोणतं रूट उचलेल सांगा बरं?

मनीषनगर_डीटीएस:
दादा, तुमची मागणी बरोबर आहे पण ती ड्रायव्हरकडे करू नका. डिव्हाइस ट्रीत हार्डवेअरचं वर्णन असतं, अन् एकाच चिपच्या एका बोर्डावर ईएमएमसी असते, दुसऱ्यावर नसते. म्हणून एमएमसीचे एलियस चिपच्या डीटीएसआय फाइलमध्ये टाकू नयेत, बोर्डाच्या डीटीएसमध्ये (त्या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीची फाइल) टाकावेत. सीरियल0, इथरनेट0 हे एलियस किती वर्षांपासून चालतात, यू-बूट मॅक अ‍ॅड्रेस कर्नलच्या डिव्हाइस ट्रीमध्ये भरतो तो इथरनेटच्या एलियसवरूनच. पण एक लक्षात ठेवा, कर्नल एमएमसीचे एलियस 5.10 पासून, म्हणजे 2020 च्या डिसेंबरपासून वाचतो. त्याच्या आधीचा कर्नल असेल तर यू-बूटचा 1 अन् लिनक्सचा 1 वेगळे निघू शकतात. दोन्ही डीटीएसमध्ये एलियस सारखे आहेत का ते आधी बघा, माझा एका बोर्डावर यातच पूर्ण दिवस गेला.

धरमपेठ_कर्नल:
एलियसला माझा विरोध नाही, त्याच्यावर आंधळा भरवसा ठेवायला आहे. स्क्रिप्टमध्ये राइटच्या आधी 'एमएमसी पार्टकॉन्फ 1' चालवा. पार्टिशन कॉन्फिग फक्त ईएमएमसीवर असतं, एसडी कार्ड असलं की कमांड फेल होते, मग इफ लावून तिथेच थांबायचं. फक्त यू-बूट बिल्ड करताना ईएमएमसी बूट सपोर्ट चालू पाहिजे. तीन ओळी लागल्या असत्या, तुमच्या नोंदी वाचल्या असत्या.

हिंगणा_फर्मवेअर:
पार्टकॉन्फचं माहीत नव्हतं, आजच टाकतो. मनीषनगरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे एलियसही दोन्ही डीटीएसमध्ये घालतो. पण स्क्रिप्ट चालली तरच तपासणी होते ना भाऊ. आमचा फील्डवरचा पोरगा रात्री कोल्ड स्टोरेजमध्ये स्वेटर घालून, लॅपटॉप मांडीवर घेऊन कमांड हातानेच टाइप करतो, अन् त्याला दोन वर्षं आम्हीच सांगितलं आहे, 1 म्हणजे ईएमएमसी.