मदत हवी आहे: खान्देशातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांची सायटेशनवरून क्रमवारी कशी लावू?

राम राम मंडळी. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, ‘खान्देशातील आघाडीचे दहा वनस्पतिशास्त्रज्ञ’ असा फलक लावायचा आदेश वरून आला आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार असे तिन्ही जिल्हे धरायचे. क्रम सायटेशनवरून, म्हणजे इतरांच्या पेपरांत कुणाच्या कामाचा संदर्भ किती वेळा दिला आहे त्यावरून, लावायचा, म्हणजे कोणी तोंड वाकडं करणार नाही म्हणे. असली कामं फिरून फिरून ग्रंथालयाकडेच येतात.

गुगल स्कॉलर या शोधनिबंध शोधायच्या साइटपासून सुरुवात केली आणि आडनावांतच अडकले. ‘पाटील’ आणि एक आद्याक्षर टाकलं की फार्मसीवाले, पॉलिमरवाले, मृदाशास्त्रवाले सगळे एका रांगेत उभे. चौधरी आणि महाजन यांचंही तेच. एका प्रोफाइलमध्ये केळीच्या टिश्यू कल्चरशेजारी सोलर सेलचे पेपर होते. स्कॉलर आपोआप पेपर जोडत जातं, आणि दुसऱ्याचे काढून टाकायची तसदी कोण घेतो?

त्यात स्कॉलर आणि स्कोपस (शोधनिबंधांचा दुसरा डेटाबेस) यांचे आकडे जुळत नाहीत. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीचे पेपर), परिषदांची पुस्तकं सगळं मोजतं, स्कोपस फक्त त्यांनी निवडलेली प्रकाशनं. मग एच-इंडेक्स घ्यावा म्हटलं. तो भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी 2005 साली मांडला: किमान 12 सायटेशन मिळालेले 12 पेपर असतील तर एच 12. पण एकट्याने लिहिलेला पेपर आणि पंधरा जणांच्या यादीत मध्येच कुठेतरी नाव असलेला पेपर त्यात सारखेच.

कच्ची यादी केली तर वनस्पतीच्या अर्कापासून चांदीचे नॅनोकण बनवणारे वर गेले. सातपुड्यात पायी फिरून झाडांच्या नोंदी केलेले, ज्यांची पुस्तकं आमच्याकडे मुलं हाताळून हाताळून फाडतात, ते पहिल्या दहातही नाहीत. हा फलक लावायला माझं मन घेत नाही.

कोणता डेटाबेस धरू? स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळायची सोय कुठे आहे? आणि ती जगातल्या वरच्या शास्त्रज्ञांची ‘स्टॅनफर्डची 2 टक्के’ यादी इथे चालेल का?

तापीकाठ:
ताई, ती यादी म्हणजे स्टॅनफर्डचा पुरस्कार नव्हे, फ्लेक्सवर काहीही छापू देत. तिथले जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या डेटावरून ती काढतात, 2019 पासून. सहा मोजमापं एकत्र करून एक गुण काढतात. त्यात एकूण सायटेशन आणि एच आहेतच, शिवाय सहलेखकांच्या संख्येनुसार सुधारलेला एच आहे, आणि एकटा लेखक, पहिला लेखक, शेवटचा लेखक म्हणून मिळालेली सायटेशन वेगळी धरतात. तुमची पंधरा जणांची तक्रार त्यात बरीचशी सुटते. स्व-सायटेशन वगळलेले रकाने आहेत, फाइल फुकट उतरते. तक्ते दोन असतात, एक पूर्ण कारकिर्दीचा आणि एक फक्त एका वर्षाचा. कोणी ‘मी यादीत आहे’ म्हटलं की आधी कुठल्या तक्त्यात ते विचारा. तुमच्या फलकाला मात्र ती पुरणार नाही. जगभरातून निवड होते, तीन जिल्ह्यांतले दहा वनस्पतीवाले त्यात सापडणं अवघड.

रानभाजी:
काय शे भाऊ, मीटरवर मोजमाप आणि किलोवर भाव! ताई, तुमचं मन बरोबर सांगतंय. वर्गीकरणवाल्यांचं काम सायटेशनमध्ये दिसतच नाही. आंब्याचं शास्त्रीय नाव लिहिताना शेवटी ‘एल.’ येतं, तो लिनियस, झाडांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रुजवणारा. नाव वापरणारा प्रत्येक पेपर त्याच्या कामावर उभा आहे, पण खाली संदर्भयादीत त्याचा ग्रंथ कोण देतं? सायटेशन शून्य. नवी प्रजाती वर्णन करणाऱ्या आपल्याकडच्या माणसाचंही हेच होतं. जिल्ह्याच्या वनस्पतींचं पुस्तक स्थानिक प्रकाशनाचं असेल तर स्कोपसला त्याचा पत्ताही नसतो. उलट टोक बघा: विज्ञानात सर्वाधिक उद्धृत झालेला पेपर म्हणजे 1951 चा लोरी आणि सहकाऱ्यांचा, प्रथिनं मोजायची पद्धत सांगणारा. उपयोगी आहेच, पण म्हणून लोरी डार्विनच्या वर बसतात का?

वरिष्ठांना कागद दाखवावा लागतो, म्हणून संशोधन मोजताना आकडे कसे वापरावेत हे सांगणारा 2015 चा लायडन जाहीरनामा छापून न्या. पहिलंच तत्त्व आहे की आकड्यांनी तज्ज्ञांच्या मताला आधार द्यायचा, त्याची जागा घ्यायची नाही. आणि नॅनोकणवाल्यांना वर्गीकरणवाल्यांशी लढवू नका, प्रत्येक उपशाखेचा वेगळा रकाना करा.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. ‘एल.’ची गोष्ट आमच्या विभागप्रमुखांना लगेच पटली, त्या स्वतः हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) सांभाळतात. ठरवलंय असं: वर्गीकरण, शरीरक्रिया, औषधी वनस्पती आणि पीकसुधार असे चार रकाने, आत नावं आडनावाच्या अकारविल्हे, आणि प्रत्येकाखाली एका मोठ्या कामाची ओळ. आकडा दिलाच तर स्कोपसचा, कोणत्या तारखेला पाहिला ते लिहून. रावेरच्या केळीवर काम केलेले लोक पीकसुधारात टाकते. प्राचार्य ‘पहिला क्रमांक कुणाचा’ हे विचारणारच, तेव्हा जाहीरनामा पुढे करीन.

एकच राहिलं. एका सरांचे स्कोपसवर दोन लेखक क्रमांक आहेत, पेपर निम्मे इकडे, निम्मे तिकडे. हे मी जोडू शकते का?

तापीकाठ:
त्यांनाच करायला सांगा. स्कोपसवर लेखकासाठी दुरुस्तीचा अर्ज असतो, त्यात दोन्ही प्रोफाइल निवडून एकत्र करायची विनंती पाठवता येते. सोबत ऑर्किड (ORCID, फूल नव्हे, संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक) काढून घ्या म्हणावं, म्हणजे पुढचे पेपर दुसऱ्या पाटलांकडे जाणार नाहीत. फुकट आहे.