'फाइल काल पाठवलीये' चालतं, मग इंग्रजीत 'हॅव सेंट येस्टरडे' का नाही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ऑफिसच्या मेलमध्ये माझे काळ सारखे चुकतायत आणि आता जाम वैताग आलाय. बारा काळांचा तक्ता शाळेपासून पाठ आहे हो, पण मेल लिहायला बसलो की वाक्य डोक्यात मराठीतच येतं आणि तिथेच घोळ होतो.

परवाचंच बघा, 'आय हॅव सेंट द फाइल येस्टरडे' असं लिहिलं तर सीनियर म्हणाली 'हॅव' काढ, का विचारलं तर म्हणे कानाला खटकतं. अहो पण माझ्या कानाला नाही ना खटकत!

दुसरं, 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स'. पाच वर्षांपासून करतोय, अजून करतोय, म्हणजे चालू वर्तमानकाळच झाला की. यात म्हणे दोन चुका आहेत, मला एकही दिसत नाही.

तिसरं, 'इफ यू विल सेंड इट टुमॉरो, आय विल चेक'. दोन्ही गोष्टी उद्याच्याच, मग पहिलं 'विल' का उडवायचं?

आणि वाक्प्रचारांचं तर बोलूच नका. टीममधले दोघं माझं काम मुद्दाम अडवतात, म्हणून मॅनेजरला सांगितलं 'दे आर पुलिंग माय लेग', तर तो हसून म्हणाला, छान आहे, असं खेळीमेळीचं वातावरण हवंच. मला वाटलं तक्रार पोचली!!

तक्ते नकोत, लिहिताना पटकन आठवेल असं काहीतरी सांगा प्लीज.

प्रतिसाद १:
'पाठवलीये' मधला 'आहे' आणि इंग्रजीतला 'हॅव' जुळे भाऊ वाटतात, पण नाहीत. आपल्या 'आहे'ला 'काल' चालतो, 'हॅव'ला संपलेली वेळ अजिबात खपत नाही. येस्टरडे, लास्ट वीक, इन २०१९ असं काही आलं की साधा भूतकाळ, 'आय सेंट'. वेळ सांगितलीच नाही तर 'आय हॅव सेंट द फाइल' एकदम बरोबर.

पाच वर्षांचं म्हणाल तर तेव्हापासून आत्तापर्यंत चाललेल्या कामाला आपलं 'करतोय' पुरतं, इंग्रजीला 'हॅव बीन वर्किंग' लागतं. ही एक चूक. दुसरी 'सिन्स'ची. आपण 'सोमवारपासून' आणि 'पाच वर्षांपासून' दोन्हीकडे 'पासून'च लावतो ना, ते तिकडे वेगळं होतं, सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर 'सिन्स मंडे', किती वेळ ते मोजून सांगायचं तर 'फॉर फाइव्ह इयर्स'.

'इफ'चं मात्र मराठीवरूनच लक्षात ठेवा. 'उद्या पाठवलंत तर बघेन' म्हणतो आपण, 'तर'च्या आधी भविष्यकाळ आपणही सहसा कुठे वापरतो? उलट चक्क भूतकाळाचं रूप घालतो! इंग्रजी तिथे वर्तमान घालते, 'इफ यू सेंड'. 'व्हेन', 'आफ्टर', 'अनटिल' यांनाही हेच.

प्रतिसाद २:
मॅनेजरचा किस्सा वाचून हसू आवरेना, सॉरी 😀 आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे पुढे जाऊ न देणं, तिकडे 'पुलिंग माय लेग' म्हणजे नुसती थट्टा. सरळ 'दे आर ब्लॉकिंग माय वर्क' म्हणा. मी पण एकदा लिहिलं होतं 'ही रेज्ड हिज हँड', म्हणजे त्याने ऐनवेळी हात वर केले या अर्थाने, तर समोरच्यांना वाटलं तो स्वतःहून काम घ्यायला पुढे आला आणि त्यालाच दिलं की हो ते काम! तेव्हापासून शरीराचे अवयव असलेले वाक्प्रचार मी मेलमध्ये लिहीतच नाही.

धागाकर्ता:
'पासून'चं डोक्यात बसलं, खूप आभार दोघांचे. फक्त एक राहिलं, आमचा अमेरिकन क्लायंट 'आय ऑलरेडी सेंट इट' लिहितो, 'हॅव' नाहीच. आता हे काय?

प्रतिसाद १:
ते बरोबर आहे. 'ऑलरेडी', 'जस्ट', 'येट' असताना अमेरिकन लोक साधा भूतकाळ सर्रास वापरतात, ब्रिटिश बहुतेक वेळा 'हॅव' लावतात. तुम्ही कुठलंही लिहा, फक्त त्यात 'येस्टरडे' घुसला तर 'हॅव' नको, ते अमेरिकेतही चालत नाही.