मदत हवी आहे: विद्यापीठाच्या वेबसाइटवर काम करणारे एकमेकांच्या संपर्कात कसे राहता?

नमस्कार मंडळी,

मी एका विद्यापीठाच्या मध्यवर्ती वेब टीममध्ये आहे. आम्ही तिघं, आणि विभागांच्या साइट सांभाळणारे चाळीसेक जण. त्यांत कुणी ग्रंथपाल, कुणी कारकून, कुणी प्राध्यापक. साइट हे बहुतेकांच्या गळ्यात पडलेलं काम.

आमच्या साइट ज्या सॉफ्टवेअरवर चालायच्या त्या ड्रुपल ७ चा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला. त्याआधी सगळं पुढच्या आवृत्तीवर न्यायचं होतं. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, सातवरून पुढे जाणं हे नुसतं अपडेट नसतं, साइट जवळजवळ नव्याने उभारून त्यात मजकूर ओतावा लागतो. त्या ओतण्यात अध्यापकांचे फोटो गळत होते. दोन आठवडे डोकं फोडल्यावर कळलं, ग्रंथालयातल्या मॅडमनी हेच तीन महिन्यांपूर्वी सोडवलं होतं! त्यांना सांगायचं कुणाला हे ठाऊक नव्हतं, आम्हाला विचारायचं कुणाला हे.

व्हॉट्सॲप ग्रुप करून पाहिला. उत्तरं येतात, पण सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जातात, आणि सहा महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा. विकी (सगळ्यांनी मिळून लिहायची मदतीची पानं) हौसेने लिहिला, त्यातलं पासवर्ड बदलण्याचं पान तेवढं उघडलं जातं. मासिक बैठकीला पाचव्या महिन्यात चार जण आले, त्यातला एक खोली चुकून.

तुमच्याकडे काय टिकलं? इतर विद्यापीठांतल्या टीमशी बोलण्याचा खरंच उपयोग होतो का?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नाला आधी: होतो. ब्रिटनमधल्या विद्यापीठांची वेब मंडळी १९९७ मध्ये आयडब्ल्यूएमडब्ल्यू नावाच्या कार्यशाळेसाठी जमली आणि पुढे अनेक वर्षं जमत राहिली. डब्ल्यूपीकॅम्पस हा वर्डप्रेस (ड्रुपलसारखंच साइट चालवण्याचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या शिक्षणसंस्थांतल्या लोकांचा गट. वर्डप्रेसमध्ये पानं लिहायचा गुटेनबर्ग एडिटर अपंग व्यक्तींना कितपत वापरता येतो, याची तपासणी त्यांनी निधी गोळा करून बाहेरच्या तज्ज्ञांकडून करून घेतली आणि २०१९ मध्ये अहवाल सगळ्यांसाठी खुला केला. एकट्या विद्यापीठाने हा खर्च कशाला केला असता?

घरच्या बैठकीत मात्र तुम्ही बोलणं थांबवा. दर वेळी एका संपादकाने आपलं एक पान पडद्यावर उघडायचं आणि सगळ्यांनी मिळून ते तिथेच दुरुस्त करायचं. फिकट राखाडी अक्षरं असतील तर अक्षरं आणि मागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर मोजा (डब्ल्यूसीएजी, म्हणजे अपंग व्यक्तींनाही साइट वापरता यावी यासाठीचे निकष, त्यांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ लागतं). 'इथे क्लिक करा' लिहिलेल्या लिंक, स्कॅन करून चढवलेली पीडीएफ, असलं काहीतरी प्रत्येकाकडे निघतंच.

विकीबाबत आमचा एकच नियम: उत्तर मिळालं की ते विकीवर विचारणाऱ्यानेच लिहायचं. जाणकार लिहितो तेव्हा नेमकी अडलेली पायरी गाळतो. पानावर लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख हवी. वर्षभर कुणी हात लावला नाही तर सरळ उडवा.

फक्त सुरक्षेतलं भोक सापडलं तर ते ग्रुपवर टाकू नका, आधी मध्यवर्ती टीमला कळवा.

मूळ प्रश्नकर्ती

आभार! विचारणाऱ्यानेच लिहायचं, हे सुचलंच नव्हतं. पण विभागप्रमुख समोर बसलेले असताना आपलं चुकलेलं पान कोण उघडणार हो?

प्रतिसाद १

पहिल्या बैठकीत तुमचंच होमपेज उघडा. चुका त्यांना काढू द्या, तुम्ही फक्त लिहून घ्या.